पिक्चरमधली आवली कुठाय?

मराठी माणसाने सिनेमा काढला तो येशूचा पिक्चर बघून. ऑफिसखालच्या टपरीवर हे वाक्य टाकलं की चारातले तीन जण "काहीतरीच काय" म्हणतात. पण गोष्ट खरी आहे आणि खुद्द दादासाहेब फाळक्यांनीच ती लिहून ठेवली आहे. १९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट बघितला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम पडद्यावर आला की लोक चपला काढायचे म्हणतात. (राम आणि सीता दोन्ही एकाच साळुंकेंनी केले होते. डबल रोलचं क्रेडिट कुणी सलमान-शाहरुखला देत असेल तर हे सांगा.)

म्हणजे बघा, भक्तीचा पिक्चर आणि त्याला हात जोडणारा प्रेक्षक हे आपल्याकडे सिनेमाच्या जन्मापासूनचं प्रकरण आहे. तरीही ख्रिश्चन श्रद्धेवरचा पिक्चर म्हटलं की आपल्या ग्रुपमध्ये दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "अरे ते फार बोअर असतात." दुसरी, "ते धर्मांतराचं असतं, सांभाळून." पहिली बऱ्याच वेळा बरोबर असते. दुसरीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

आधी पहिली. अमेरिकेत या पिक्चरांचा अख्खा उद्योग आहे. २००४ चा मेल गिब्सनचा 'पॅशन ऑफ द ख्राइस्ट' आठवा. संवाद अरामी, हिब्रू आणि लॅटिनमध्ये, रक्ताचा नुसता चिखल, खर्च साधारण ३ कोटी डॉलर आणि जगभरात कमाई ६० कोटींच्या वर. चर्चच्या चर्च आगाऊ बुकिंग करून बसने यायची. ज्यूंना खलनायक केल्याचा आरोप झाला, मारझोडीवर टीका झाली, पब्लिकला फरक पडला नाही. त्यानंतर छोटे पिक्चर आले. जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावातल्या एका चर्चने स्वतःच प्रॉडक्शन काढलं. २००८ चा 'फायरप्रूफ' पाच लाख डॉलरमध्ये केला, काम करणारे बरेचसे चर्चचेच स्वयंसेवक, आणि कमाई ३ कोटींच्या पुढे. त्याच्या हिरोने स्वतःच्या बायकोशिवाय कुणाचं चुंबन घेणार नाही असं सांगितलं, म्हणून त्या शॉटला हिरॉइनऐवजी त्याची खरी बायको उभी केली! आमच्या क्लायंटसुद्धा इतक्या अटी घालत नाहीत.

मग २०१४ चा 'गॉड्स नॉट डेड'. कॉलेजातला नास्तिक प्रोफेसर पोरांना "देव मेला आहे" असं लिहून द्यायला लावतो, एक पोरगा नकार देतो, दोघांचा वाद, पोरगा जिंकतो. समीक्षकांनी धुतला. थिएटरातून बाहेर पडणाऱ्या पब्लिकने मात्र भरभरून मार्क दिले. २० लाख डॉलर घालून ६ कोटींच्या वर काढले. आता यात कोण चूक? माझ्या मते दोघेही नाहीत. प्रेक्षक पिक्चर बघायला आलाच नव्हता, तो स्वतःचं मत मोठ्या आवाजात ऐकायला आला होता. ते त्याला मिळालं, पैसा वसूल. आपल्याकडे राष्ट्रभक्तीच्या पिक्चरांना हेच होतं. टाळ्या आधीपासून खिशात घेऊन आलेले लोक असतात.

पण त्या प्रोफेसरचं काय? तो माणूसच नाही. त्याला हरायलाच लिहिलाय. शंका घेणारा माणूस घरात कसा वागतो, त्याची बाजू किती खरी आहे, हे त्या लेखकाला बघायचंच नव्हतं. आणि इथे मला दर वेळी 'संत तुकाराम' आठवतो. प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला, व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. त्यातला शांताराम आठवल्यांनी लिहिलेला एक अभंग लोक तुकोबांचाच समजले. विष्णुपंत पागनीसांना बघून हात जोडणारे होतेच. हे सगळं भक्तीचं. पण पिक्चर उभा राहतो तो आवलीवर. गौरीने केलेली आवली. घरात दाणा नाही, पोरं उपाशी, आणि हा माणूस अभंग म्हणत बसलाय. ती विठोबाला शिव्या घालते, आणि प्रेक्षक तिच्या बाजूचा होतो. भक्त प्रेक्षकसुद्धा! दिग्दर्शकांनी तिला हरवायची घाई केली नाही. तुकोबांचा मोठेपणा आपल्याला पटतो कारण आवलीचा राग आधी पटलेला असतो.

अमेरिकन श्रद्धापटांत आवली नसते. आणि जिथे असते तिथे पब्लिक फिरकत नाही, हीपण गंमत. स्कॉर्सेसीचा 'सायलेन्स' (२०१६) घ्या. सतराव्या शतकातल्या जपानमध्ये ख्रिश्चनांचा छळ चाललाय, पाद्री प्रार्थना करतोय आणि देव गप्प. अख्खा पिक्चर शंकेचा. खर्चही भरून निघाला नाही. तेव्हा दोष फक्त बनवणाऱ्यांचा आहे असं मी म्हणणार नाही. बसने येणारी चर्चं या वेळी आली नाहीत.

आता दुसरी प्रतिक्रिया. "सांभाळून" वाली.

मी चाकूरचा. लहानपणी आमच्या गल्लीत एक सिस्टर राहायच्या, दवाखान्यातल्या, मूळच्या नगरकडच्या. नाताळात त्या 'दयासागर'ची सीडी लावायच्या. 'दयासागर' म्हणजे 'करुणामयुडु' या १९७८ च्या तेलुगू पिक्चरचं हिंदी रूप, विजयचंदर येशूच्या कामात. मिशनवाल्यांनी प्रोजेक्टर आणि पडदा घेऊन देशभर गावोगावी दाखवलेला पिक्चर तो हाच. थेट आपल्या पौराणिक पिक्चरांच्या थाटाचा, गाणी-बिणी सगळं. गल्लीतल्या बायका केक आणि करंज्या खायला जायच्या आणि पिक्चर संपेपर्यंत बसायच्या. आमची आज्जी पक्की माळकरी. ती डोळे पुसत म्हणायची, "काय बाई लोकं, देवमाणसाला कुठंच नीट जगू देत न्हाईत." आणि येशूवर कट करणाऱ्या धर्मगुरूंना तिने सरळ नावच ठेवलं होतं, सालोमालो!

मला यात सगळा मुद्दा दिसतो. आज्जीने येशूला ओळखलं, पण तिच्याच खात्यात नोंद केली. तुकोबा, गोरोबा, चोखोबा, त्याच रांगेत हा एक. गाथा बुडवणारे आणि क्रूस उभारणारे तिच्या हिशोबात एकाच जातकुळीचे. ती दुसऱ्या दिवशी एकादशीला तशीच उपाशी राहिली. पिक्चर बघून माणूस बदलतो हा आपला समज प्रेक्षकाला फार कमी लेखतो. तो मिशनवाल्यांचाही आहे आणि त्यांच्या विरोधकांचाही, हे विशेष. दोघांनाही वाटतं की समोर बसलेला माणूस म्हणजे कोरी सीडी, आपण टाकू ते राइट होईल.

१९७९ चा 'जीझस' हा पिक्चर दोन हजारांहून जास्त भाषांत डब झालाय, मराठीतही आहे. लूकच्या शुभवर्तमानातून जवळपास जसाच्या तसा घेतलेला. भाषांतर म्हणून अफाट काम. पण नुसती भाषा बदलून पिक्चर आपला होत नाही, हे चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाला कळलं होतं. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापलं ते ओव्यांत, सुमारे अकरा हजार ओव्या. लोकांना पुराण ऐकायची सवय आहे ना, मग पुराणच लिहू. प्रेक्षकाचा असा विचार करणारा माणूस आज कुठल्याही प्रॉडक्ट टीमला हवा असेल.

हे सगळं आत्ता का लिहितोय? तर आमच्या पुण्याच्या सोसायटीत एका शेजाऱ्यांनी ईस्टरला क्लबहाऊसमध्ये येशूचा पिक्चर दाखवायची परवानगी मागितली होती. ज्यांना यायचं ते येतील, चहा-बिस्किटं आमच्याकडून. ग्रुपवर दोन दिवस धुमश्चक्री, शेवटी "वाद नकोत" म्हणून नकार. त्याच क्लबहाऊसमध्ये गणपतीत 'जय संतोषी माँ' लागला होता. १९७५ चा, ज्याला लोक थिएटरात चपला काढून बसायचे, पडद्यावर नाणी-फुलं टाकायचे तो. मी तो हौसेने बघितला आणि मला आवडलाही. पण मग एक भक्ती आणि दुसरा प्रचार, हे कुणी ठरवलं? प्रचार असेलही. तसा 'संतोषी माँ' नंतर शुक्रवारच्या उपासांचा प्रचार किती झाला ते घराघरात विचारा. शेजारीकाका काही बोलले नाहीत. ग्रुपमधून मात्र बाहेर पडले.

वाईट याचं वाटतं की मराठीत या विषयावरचा सगळ्यात भारी पिक्चर अजून व्हायचाय. कथा तयार आहे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिश्चन झाले. बायको लक्ष्मीबाई कर्मठ घरातली, सोवळं-ओवळं पाळणारी, पदरात लहान मुलगा. नवरा धर्म सोडून गेला आणि ही काही काळ पंढरपुरात, नातेवाइकांत, विठोबाच्या गावात! ती रडली, भांडली, चिडली, आणि तरी त्या माणसावरचं प्रेम सुटेना. पाच वर्षांनी तिनेही बाप्तिस्मा घेतला, तोवर तिचं सोवळं तिनेच आपल्या डोक्याने विचार करून सोडलेलं. हे सगळं तिने 'स्मृतिचित्रे'त लिहिलंय, आणि इतकं हसत लिहिलंय की आपल्याला रडायला उशीर होतो. विजया मेहतांनी १९८० च्या दशकात टीव्हीसाठी त्यावर काम केलं होतं. मोठ्या पडद्यावर, गाण्यांसकट, आजच्या बजेटमध्ये करायला हरकत काय?

मिशनवाल्यांना त्यात लक्ष्मीबाईंचा राग जास्त वाटेल, आणि आमच्या ग्रुपवाल्यांना शेवटचा बाप्तिस्मा. आज्जी असती तर तिने पहिल्या शोला टिळकांना शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या शोला गल्लीतल्या बायकांना घेऊन गेली असती.