निळ्या रेषेची बाजू

सांगली-कोल्हापुरात पूररेषेच्या नकाशांचा विषय निघाला की त्यांच्याविरुद्ध एकमुखी ओरड सुरू होते. जमीनमालक, प्लॉटधारक, बांधकाम व्यावसायिक आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे राजकीय पक्ष, सगळे एका मांडवात येतात. या रेषांनी शहराची वाढ खुंटवली, जमिनींचे भाव पाडले, सामान्य माणसाच्या तोंडचा घास काढून घेतला, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा निळी रेषा नदीकडे सरकवा, लाल रेषेतले निर्बंध काढा आणि उभी राहिलेली घरे नियमित करा. हे म्हणणारे सगळे स्वार्थी आहेत असे मी मानत नाही. आयुष्यभराची पुंजी दोन गुंठ्यांत घातलेली माणसेही त्यात आहेत, आणि त्यांच्यासाठी तरी या म्हणण्याचे उत्तर मुद्द्याला धरून द्यायला हवे. माझे मत साफ उलट आहे. या शहरांत जमीनवापराचे नियम उशिरा आले, आले तेव्हा मोडले गेले आणि मोडल्यावर माफ झाले. लोक बुडाले ते त्यामुळे.

सर्वांत लोकप्रिय आक्षेपापासून सुरुवात करतो. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा आणि निळी पंचवीस वर्षांतल्या पुराची. मग शंभर वर्षांतल्या एका दिवसासाठी आज घर का अडवायचे, असे विचारले जाते. पण शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला की पुढची नव्याण्णव वर्षे निवांत, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते, एवढेच. निळ्या रेषेच्या आत ती शंभरात किमान चार. तीस वर्षांच्या मुदतीचे गृहकर्ज काढून निळ्या रेषेच्या आत घर बांधले, तर कर्ज फिटायच्या आत पुराचे पाणी एकदा तरी घरापर्यंत पोहोचण्याची शक्यता सत्तर टक्के आहे. लाल रेषेच्या काठावरच्या घराला तीच शक्यता सव्वीस टक्के. एवढा धोका सांगून कोणी तुम्हाला घर विकले असते का? सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली कृष्णेने ५३ फूट ओलांडले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फूट ओलांडले आणि २०२१ च्या जुलैत ती पुन्हा ५० फुटांच्या पुढे गेली. सतरा वर्षांत तीन महापूर आले, आणि तरीही रेषा अतिरेकी आहे असे आपण म्हणतो आहोत. या तीन पुरांचा हिशेब धरून नवी मोजणी केली, तर रेषा शहराकडे सरकण्याचीच चिन्हे जास्त.

दुसरा आक्षेप खास आमच्या भागातला. पूर अलमट्टीमुळे येतो, घरांमुळे नाही, असे सांगितले जाते. अलमट्टीच्या उंचीचा वाद खरा आहे. धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याला महाराष्ट्राने विरोध केलाच पाहिजे, आणि धरणांतून पाणी सोडण्याचा दोन्ही राज्यांतला ताळमेळ हा प्रत्येक पावसाळ्यात जीवनमरणाचा प्रश्न असतो. पण २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही पूरक्षेत्रातल्या बांधकामांवर बोट ठेवले होते, हे आपण सोयीने विसरतो. पाणी कोयनेतून आले, वारणेतून आले की अलमट्टीच्या फुगवट्यातून, हा वाद तज्ज्ञांनी लढवावा. ते आले तेव्हा त्याच्या वाटेत किती स्वयंपाकघरे होती, हे मात्र ना कर्नाटक ठरवते ना पाऊस. ते नगररचना ठरवते. अलमट्टीचा लढा आणि पूररेषेचा आग्रह यांत विरोध कुठेच नाही. एकाच्या आडून दुसरा टाळणे चालले आहे, एवढेच.

आता ‘जमीन माझी, मी काहीही बांधीन’ या दाव्याकडे येतो. सातबारा तुमच्या नावावर आहे हे खरे. पण प्लॉट बुडतो म्हणून त्यावर मुरमाचा भराव टाकला की काय होते ते पाहा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर पाच फूट भराव घातला तर साधारण दीड लाख लिटर पाण्याची जागा गेली. एकरभर प्लॉटिंगवर असा भराव पडला की सुमारे ६२ लाख लिटर. ते पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते, किंवा त्याच्या शेतात तुंबून राहते. शेजारीही मग सहा फूट भराव टाकतो. ओढ्याची तोंडे बुजतात, आणि पूर ओसरला तरी वस्तीतले पाणी ओसरत नाही. सांगलीतल्या शामरावनगरात नदी दूर असतानाही साध्या पावसाने जी दैना होते, तिची गोम इथे आहे. पाण्याला पूर्वी जायला वाट होती, ती राहिली नाही. तुमच्या जमिनीवरचा भराव ही तुमची खासगी बाब नाही, कारण त्याचे परिणाम खासगी राहत नाहीत. हा न्याय सरकारलाही लागू करा. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग २०१९ मध्ये कित्येक दिवस पाण्याखाली होता, आणि रुंदीकरणात भराव नको, कमानींवर रस्ता न्या, अशी मागणी पंचगंगाकाठच्या लोकांनी लावून धरली. ती मागणी रास्तच आहे. मात्र महामार्गाच्या भरावाला विरोध करणाऱ्याने स्वतःच्या प्लॉटचा भरावही त्याच मापाने मोजला पाहिजे.

सर्वांत वजनदार आक्षेप गरिबांच्या नावाने येतो, आणि त्यात तथ्य आहे. नियमांमुळे कायदेशीर प्लॉट महाग झाले, म्हणून हमाल, रिक्षावाला, यंत्रमाग कामगार गुंठेवारीत गेला, असे म्हणतात. तो गुंठेवारीत गेला हे नाकारता येणार नाही. सांगली, मिरज, कुपवाडभोवतीची शेती विकास आराखड्याची वाट न पाहता गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली. शंभराच्या स्टॅम्पवर करार, नोटरीचा शिक्का, हातात ताबा. महापालिका १९९८ साली झाली, तोपर्यंत बऱ्याच गल्ल्या वसून गेल्या होत्या. नंतर २००१ चा गुंठेवारी कायदा आला. १ जानेवारी २००१ पूर्वीचे प्लॉट दंड आणि विकास शुल्क भरून नियमित करण्याची सोय त्याने केली. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात तर तुकडेबंदी सैल करून एका गुंठ्यापर्यंतचे व्यवहार कायदेशीर करण्याची घोषणा झाली.

पण या कहाणीत फायदा कोणाचा झाला ते विचारा. नियमाप्रमाणे ले-आउट करायचा तर रस्ते सोडावे लागतात, गटारे काढावी लागतात, एक एकराच्या वरच्या ले-आउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. गुंठेवारीत विकणाऱ्याने यातले काहीच सोडले नाही. रस्त्याची जमीनही त्याने प्लॉट म्हणून विकली. रस्त्याचा, गटाराचा, मैदानाचा जो खर्च त्याच्या पदरी यायला हवा होता, तो त्याने गिऱ्हाइकावर ढकलला आणि तो निघून गेला. गिऱ्हाईक पुढची वीस वर्षे चिखलातून मुलांना शाळेत नेत राहिले, नियमितीकरणाचे शुल्क भरत राहिले, आणि पुरात फ्रिज, गाद्या, मुलांच्या वह्या रस्त्यावर वाळत घालत राहिले. गुंठेवारीत घर स्वस्त मिळाले हा समज मला कधीच पटलेला नाही. त्या घराची किंमत हप्त्याहप्त्याने वसूल झाली, आणि प्रत्येक माफीने पुढच्या प्लॉट विकणाऱ्याला सांगितले की घाबरू नकोस, हेही एक दिवस नियमित होईल.

मग गरिबाने राहायचे कुठे? हा प्रश्न टाळून पूररेषेचा कैवार घेणाऱ्यांचाही मला राग येतो. लाल रेषेतले सगळे पाडा, म्हणजे नदी मोकळी होईल, असे लिहिणारे लोक बहुधा टेकडीवरच्या सोसायटीत राहतात. हजारो कुटुंबे एका फटक्यात उठवता येत नाहीत आणि उठवूही नयेत. जी वस्ती आहे तिला निचऱ्याचे मोठे नाले, पुराच्या पातळीच्या वर जिना आणि गच्ची हवी, आणि ज्यांना बाहेर पडायचे आहे त्यांना शहरातल्या सुरक्षित जमिनीवर पहिला हक्क मिळाला पाहिजे. नवे घर मात्र निळ्या रेषेत एकही नको. आणि त्याच वेळी नियमांनी गरिबासाठी जागा राखली पाहिजे. मोठ्या ले-आउटमध्ये वीस टक्के घरे किंवा प्लॉट अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे, पण ती मुख्यतः दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांपुरती. सांगली, इचलकरंजी, मिरजेसारख्या ठिकाणी, जिथे गुंठेवारी सर्वांत जोमाने वाढली, तिथेच ती लागू नाही. ही तरतूद छोट्या शहरांत आणा, तिच्यासाठी मोर्चे काढा. पूररेषा सरकवण्यासाठी जेवढी निवेदने गेली, त्यांच्या दहाव्या हिश्शाइतकी तरी या मागणीसाठी गेली असती तर बरे झाले असते.

शेतकऱ्याची तक्रार वेगळी आहे, आणि ती मला सर्वांत न्याय्य वाटते. आराखड्यात बांधाच्या अलीकडे पिवळा रंग, म्हणजे रहिवास विभाग, आणि पलीकडे हिरवा. एका रेघेने एक भाऊ कोट्यधीश होतो, दुसऱ्याच्या वाट्याला गाळाचे पीक. इथे खंडन करण्यासारखे काही नाही. उपाय सांगण्यासारखा आहे. नगररचना परियोजनेची, म्हणजे टीपी स्कीमची, पद्धत आपल्याकडे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आहे आणि १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही ती कायम आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, उद्याने, पाण्याच्या वाटा त्यातून काढायच्या आणि उरलेली जमीन ज्याच्या त्याच्या प्रमाणात, आकाराने लहान पण मोलाने जास्त अशा प्लॉटांच्या रूपात परत द्यायची. तोटा सगळ्यांना सारखा, फायदाही सारखा. वांद्रे, सांताक्रूझच्या पत्त्यांत ‘टीपीएस’ ही अक्षरे आजही दिसतात ती याच पद्धतीची खूण. गुजरातने तिच्यावर अहमदाबाद वाढवले. आम्ही मात्र आरक्षणे टाकायची, दहा वर्षे भूसंपादन करायचे नाही, आणि मग मालकाने कलम १२७ ची नोटीस देऊन आरक्षण उडवले की हळहळायचे, हाच धंदा चालवला.

परवानगीला खेटे घालावे लागतात, या तक्रारीवर थोडक्यात. २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीने दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरचे बांधकाम सूचना आणि शुल्क भरून सुरू करण्याची, आणि तीनशेपर्यंतच्या प्लॉटला दहा दिवसांत परवाना देण्याची सोय केली आहे. ती अमलात येत नसेल तर भांडण कार्यालयाशी करा, नियमाशी नको.

आणि शेवटचा आक्षेप: नियम फक्त लहान माणसाला, बड्यांचा झोन रातोरात बदलतो. हे खरे आहे, आणि म्हणून तर मी नियमांच्या बाजूने आहे. ज्याच्याकडे ओळखी आहेत त्याला नियम नसले तरी फरक पडत नाही. ज्याच्याकडे फक्त नकाशा आहे त्याचाच तो आधार. गोव्यात २०२३ साली नगर व ग्रामनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घातले गेले आणि प्रादेशिक आराखड्यातल्या कथित चुका एकेका अर्जावर दुरुस्त होऊ लागल्या. शेती, बागायती जमिनींचे रंग बदलले. त्याविरुद्ध गावकरी आणि संस्था न्यायालयात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द ठरवले. त्याआधी लोकांच्या रेट्याने गोव्याचा प्रादेशिक आराखडा २०११ सरकारला २००७ मध्ये मागे घ्यावा लागला होता. दोन्ही वेळा लोक नकाशा हातात घेऊन लढले. झोनिंग नकोच, असे ते म्हणाले असते तर त्यांच्याकडे लढायला काहीच उरले नसते.

महाराष्ट्रात झोन बदलण्याचे हे दार १९६६ च्या अधिनियमातल्या कलम ३७ चे आहे. आराखड्यात फेरबदल करायचा तर महापालिकेला सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, त्यावर सुनावणी घ्यावी लागते. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ती बारीक अक्षरांची जाहिरात येते, महिना संपतो, आणि एकही हरकत आली नाही अशी नोंद होऊन प्रस्ताव मंत्रालयात जातो. पूरक्षेत्रातल्या सर्व्हे नंबरचा फेरबदल दिसला, तर हरकत साध्या कागदावर लिहिता येते, वकील लागत नाही. सर्व्हे नंबर लिहा. २००५, २०१९ आणि २०२१ चे पाणी तिथे कुठवर आले होते ते लिहा, भिंतीवरच्या खुणेचा फोटो जोडा, शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, मुदतीच्या आत नगररचना विभागात द्या आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय उठू नका.