कुंपण ओलांडणारं पोरगं आणि आपला मोबाईल


उन्हाळा आला की आपल्या बारामती-इंदापूर भागात पोरं पोहायला कुणाच्याही शेततळ्यावर जातात, डाळिंबाच्या बागेत शिरतात. मालक म्हणतो, "पोलिसात देतो!" मग घरचे घाबरतात. म्हणून कायदा काय म्हणतो ते पाहू.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार, गुन्हा करण्याच्या किंवा मालकाला त्रास देण्याच्या हेतूने त्याच्या जागेत शिरणे हा गुन्हा आहे. शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरात शिरल्यास कैद १ वर्षापर्यंत. नुसता चेंडू आणायला गेलेल्या पोराचा असा हेतू नसतो.

वय १८ च्या आत असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. मंडळ समज देतं, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगतं. दंड झालाच तर तो मुलाला किंवा पालकांना भरायला सांगितला जाऊ शकतो.

आता आपलं बघा. चौकशी चालू असलेल्या मुलाचं नाव, फोटो किंवा शाळा जाहीर करणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे पोरापेक्षा त्याचा फोटो ग्रुपवर टाकणारा मोठा माणूस जास्त अडकतो!

माझं मत स्पष्ट आहे. पोराला घेऊन मालकाकडे जा, चूक कबूल करायला लावा. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद निसरडा असतो, तिथं जीव जातो, हेही सांगा. पण त्याची बदनामी करू नका. चूक सुधारते, गावभर झालेलं नाव पुसत नाही.