ट्रकचा विमा आहे, खाटेचा नाही

४ जुलै २०२३ रोजी मुंबई–आग्रा महामार्गावर, शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे, एक भरधाव मालवाहू कंटेनर वाटेतील वाहनांना धडका देत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे प्राणास मुकली. पळासनेर धुळे जिल्ह्यात असले तरी आम्हा नंदुरबारकरांना ते परके नाही. शिरपूर आमच्या शहादे तालुक्याला लागूनच आहे. शिवाय नवापूर, विसरवाडी या पट्ट्यातून जाणाऱ्या सुरत–धुळे महामार्गावर तशीच हॉटेले आहेत. या महामार्गाचा क्रमांक आता ५३ झाला असला तरी लोकांच्या तोंडी तो अद्याप ‘सहा नंबर’च आहे. पुढे ताडपत्रीचा मांडव, त्याखाली खाटा व प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर उभे ट्रक, असे त्यांचे सर्वसाधारण रूप असते.

वाहनाने माणूस मेला तर त्याच्या वारसांना दाद मागण्याची एक वाट कायद्याने आखून दिलेली आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासून त्रयस्थ व्यक्तीचा विमा सक्तीचा आहे. १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ ने ती सक्ती कायम ठेवली. दावा न्यायाधिकरणापुढे जातो, वेळ लागतो, वकिलांचे खेटे घालावे लागतात, हे सारे खरे. पण पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न सहसा अनुत्तरित राहत नाही.

आता त्याच खाटेवरून ट्रक बाजूला काढा. भटारखान्यातील सिलिंडरचा स्फोट झाला, वैशाखातल्या वावटळीने मांडवावरचा पत्रा उडून कोणाच्या मानेवर आला, किंवा रोषणाईच्या उघड्या तारेचा झटका बसून एखादा मुलगा दगावला, तर भरपाई कोण देणार? कायदा ग्राहकाच्या विरुद्ध आहे असे नाही. हयगय सिद्ध झाली तर मालक जबाबदार ठरतो. निकृष्ट अन्नामुळे मृत्यू झाला तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे किमान ५ लाख रुपये द्यावे लागतात. परंतु ज्याची सारी मालमत्ता एक शीतकपाट, चार भट्ट्या आणि पंधरा खाटा एवढीच आहे, त्याच्याकडून हे ५ लाख वसूल कसे करावयाचे? न्यायालयाचा हुकूमनामा हाती असूनही रिकाम्या हाताने परतणे, हा आपल्याकडे फार जुना अनुभव आहे.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला खरा, पण तो घातक रसायने व तत्सम पदार्थ हाताळणाऱ्यांपुरता. हॉटेले, चित्रगृहे यांसाठी विमा कंपन्यांकडे सार्वजनिक दायित्वाची वेगळी पॉलिसी मिळते. परंतु ती ऐच्छिक आहे, आणि जे ऐच्छिक ते आमच्या महामार्गावर नाहीच असे समजावे.

एकदा एसटी नादुरुस्त झाल्यामुळे मला अशाच एका हॉटेलात दोन तास काढावे लागले. अर्थशास्त्राच्या मास्तराला वाईट खोड असते, मी मालकाला विचारले, “शेठ, विमा काढला आहे का?” ते म्हणाले, “आहे ना सर! कर्ज घेतलं तेव्हा बँकेनेच काढायला लावला. कागद बँकेतच आहे.” म्हणजे बँकेने आपल्या तारणाची काळजी घेतली होती. शीतकपाट जळाले तर बँकेचे पैसे सुरक्षित होते; शीतकपाटाशेजारी बसलेला मी मात्र नव्हतो.

मालकाच्या स्वतःच्या मालमत्तेचीही अवस्था फारशी निराळी नाही. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांकरिता ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेची प्रमाणित पॉलिसी आली आहे. आगीबरोबर वादळ व पूर यांचेही संरक्षण तीत आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीच्या पुराने नवापूर परिसरात केलेली प्राणहानी व नासधूस ज्यांनी पाहिली, त्यांना तिचे मोल निराळे सांगावयास नको. तथापि विमा व्यवसाय बांबू, गवत, ताडपत्री यांच्या बांधकामास ‘कच्चे’ मानतो आणि त्याची जोखीम अधिक धरतो. अशा वेळी मालक पक्क्या खोलीचा विमा काढतो, आणि ज्या मांडवावर त्याचा धंदा चालतो त्याचा प्रस्तावात उल्लेखही करीत नाही. पुढे दावा फेटाळला गेला की कंपन्या लबाड ठरतात.

बारची गोष्ट थोडी निराळी. पलीकडे गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे सीमेवरील परमिट रूमला गिऱ्हाईक कमी पडत नाही. परवाना शुल्क व कर यांतून शासनालाही उत्पन्न मिळते. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीस बंदी केली. पुढे २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीपुरती ती सैल झाली. त्या वेळी मीटर मोजण्यात सर्वांची जेवढी बुद्धी खर्च झाली, तिचा दशांशही उघड्यावर बसणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेकडे वळला नाही. माझे मत असे की बारचा परवाना नूतनीकरणास येईल तेव्हा सार्वजनिक दायित्वाची चालू पॉलिसी जोडणे सक्तीचे करावे, आणि तीत बाहेरच्या बैठकीचा स्पष्ट उल्लेख असावा.

धाब्यांवर मात्र ही सक्ती एकेकट्याने लादणे अन्यायाचे होईल. तेथे सामुदायिक विमा हवा. तेल कंपन्यांनी स्वयंपाकाच्या गॅसच्या नोंदणीकृत ग्राहकांसाठी असा विमा काढलेलाच आहे; गॅसच्या अपघातात मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपयांची तरतूद त्यात आहे, आणि त्यासाठी ग्राहकाकडे वेगळा हप्ता कोणी मागत नाही. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघात संरक्षण मिळते, तेही जोखीम कोट्यवधी लोकांत वाटली गेल्यामुळेच. (घरगुती सिलिंडर हॉटेलाच्या भट्टीला जोडणाऱ्यांनी मात्र या तेल कंपन्यांच्या विम्यावर भिस्त ठेवू नये.) अन्न परवान्याच्या शुल्काबरोबर अल्प हप्ता घेऊन जिल्ह्यातील सर्व धाब्यांची एकच पॉलिसी काढता येईल. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत तात्पुरत्या मांडवांत चालणाऱ्या हॉटेलांसाठीही जागेच्या भाड्यातून हेच साधता येईल.

विम्यामुळे मालक बेफिकीर होतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच पोकळ नाही. परंतु तपासणी करून हप्ता ठरविणारी कंपनी उघडी तार आणि रस्त्याच्या हद्दीत सरकलेल्या खाटा यांकडे डोळेझाक करीत नाही, कारण तिचे स्वतःचे पैसे पणास लागलेले असतात. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिल परिसरातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण मेले. ती उपाहारगृहेही मोकळ्या हवेसाठीच नावाजलेली होती. हयगय करणाऱ्याला हप्ता वाढवून मिळाला, तर निदान एक कारण तरी त्याला वेळेवर शहाणे होण्यास मिळते.

हे सारे मी त्या मालकांनाही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि बस सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा एवढेच विचारले, “सर, हप्ता खाटा मोजून लावणार, की माणसं मोजून?”