घरबसल्या परीक्षा, पण कोणाची?
करोनाकाळात बुधवार पेठेसह पुण्याची मध्यवस्ती ठप्प होती. तेव्हा शिकाऊ परवान्याच्या परीक्षेसाठी संगम पुलाजवळच्या आरटीओत गर्दी करणे धोक्याचेच होते. १४ जून २०२१ रोजी राज्याने आधारच्या साह्याने ही परीक्षा घरबसल्या देण्याची सोय सुरू केली, हे योग्यच झाले. पण संगणकापुढे उमेदवारच बसला आहे, याची खात्री कोण करणार? दलालच परीक्षा देत असल्याच्या तक्रारी पुढे आल्याही. बुधवार पेठेतल्याच अप्पा बळवंत चौकात विद्यार्थी, हातगाड्या आणि दुचाक्या एकाच गर्दीतून वाट काढतात. तिथे वाहतुकीची चिन्हे न ओळखणारा चालक इतरांच्या जिवाशी खेळतो. घरबसल्याची सोय राहू द्यावी. मात्र पक्क्या परवान्याच्या चाचणीवेळी निरीक्षकाने नियमांचे चार प्रश्न समोरासमोर विचारलेच पाहिजेत.