फिल्म मासिकाचं कव्हर: आधी ओळी लिहा, मग फोटो काढा



मास मीडियाला असाल तर ही असाइनमेंट कधी ना कधी येतेच: फिल्म मासिकाचं मुखपृष्ठ तयार करा. बहुतेक जण पहिलं काम काय करतात? कॅनव्हा उघडतात, एक चकचकीत टेम्प्लेट निवडतात, त्यात फोटो बसवतात आणि उरलेल्या जागेत सुचेल तो मजकूर भरतात. माझं प्रिंटिंगचं दुकान आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री पेनड्राइव्ह घेऊन येणारी ही मंडळी मला चांगली ठाऊक आहेत. काम वाईट नसतं. पण चौघांची कव्हरं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली, तर कुठलं कुणाचं ते सांगता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मुखपृष्ठ हे सजावटीचं काम नाही, विक्रीचं काम आहे. म्हणून क्रम उलटा करा. आधी गिऱ्हाईक ठरवा, मग ओळी लिहा, मग फोटो काढा. सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी.

गिऱ्हाईक कोण?

"सिनेमा आवडणारे सगळे" हे उत्तर चालणार नाही. सगळ्यांसाठी असलेला माल कुणीच उचलत नाही, हे कुठलाही दुकानदार सांगेल. 'फिल्मफेअर' १९५२ पासून बाजारात होतं. १९७१ मध्ये 'स्टारडस्ट' आलं. तारे तेच, मुंबई तीच. पण 'स्टारडस्ट'ने पडद्यामागच्या कुजबुजीची भूक असलेला वाचक पकडला आणि पहिल्याच अंकात राजेश खन्नाच्या गुपचूप लग्नाचा प्रश्न टाकला. इंग्लंडमध्येही तेच दिसतं. 'एम्पायर' येणाऱ्या मोठ्या सिनेमाची उत्सुकता विकतं, तर ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं 'साइट अँड साउंड' समीक्षा वाचणाऱ्यासाठी असतं. दोघांची कव्हरं एकसारखी दिसून कशी चालतील?

'सैराट'चंच उदाहरण घ्या. २०१६चा सिनेमा, नवखे कलाकार, करमाळ्याचा परिसर. चाहत्यांच्या मासिकाची ओळ होईल: "आर्ची घरी कशी असते?" शॉर्टफिल्म करू पाहणाऱ्या पोरांच्या मासिकाची ओळ होईल: "कधीच अभिनय न केलेल्यांकडून अभिनय कसा काढायचा?" सिनेमा एकच, पण फोटो, रंग, अक्षरं सगळं बदललं. आणि हे सगळं कागद-पेनावर ठरलं, कॉम्प्युटर सुरू न करता.

ओळ म्हणजे वचन

कव्हरवरच्या ओळी या जागा भरायला नसतात. प्रत्येक ओळ म्हणजे आत काय मिळणार याचं वचन. "धमाकेदार मुलाखत", "खास लेख" यात काही मिळत नाही. "४० हजारांत शॉर्टफिल्म: कुठे खर्च केला, कुठे वाचवला" यात मिळतं. एक मुख्य ओळ, शक्यतो सहा शब्दांच्या आत, आणि तीन-चार छोट्या ओळी. एवढं पुरे. वीस ओळी लिहा, सोळा खोडा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जाऊ द्या.

फोटो ओळींसाठी काढा

ओळी ठरल्या की फोटोत मोकळी जागा कुठे हवी ते कळतं. उभा फोटो, डोक्यावर नावासाठी जागा, एका बाजूला साधी भिंत. नेटवरून रणवीर किंवा आलियाचा फोटो उतरवू नका. तो दुसऱ्या कुणाच्या मालकीचा असतो, आणि त्यात तुमचं स्वतःचं काम काहीच दिसत नाही. तुमच्या शॉर्टफिल्ममधली मैत्रीण किंवा मित्रच तुमचा स्टार. खिडकीचा उजेड आणि थेट कॅमेऱ्यात बघणारी नजर असली की अर्धं काम झालं. गौतम राजाध्यक्षांची छायाचित्रं बघा. त्यांनी 'चंदेरी' या मराठी सिनेमासिकाचं संपादनही केलं होतं, आणि त्यांच्या पुस्तकाचं नावच 'चेहरे'. कव्हरला चेहरा लागतो, इफेक्ट नाही.

नाव झाकू नका

परदेशी मासिकांत हीरोचं डोकं नावाच्या अक्षरांवर येतं, ते बघून सगळे तेच करतात. 'एम्पायर'ला ते परवडतं, कारण मधली दोन अक्षरं झाकली तरी वाचक नाव ओळखतो. ती ओळख वर्षानुवर्षांची आहे. तुमचं मासिक आज जन्माला आलंय. शिवाय देवनागरीत मात्रा, वेलांटी, अनुस्वार शिरोरेषेच्या वर असतात. अनुस्वार केसांआड गेला की 'चंदेरी'चं 'चदेरी' होतं. दोन ओळींतलं अंतरही इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. फॉन्ट हवा असेल तर एक टाइपचे 'मुक्त' आणि 'बलू' मोफत आहेत. अक्षर काय करू शकतं हे बघायचं तर कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं शोधा.

किंमत, महिना आणि बारकोडही टाका. पण किंमत लिहिताना थांबा आणि विचारा: मी ठरवलेला वाचक एवढे पैसे देईल का? हा एक प्रश्न तुमच्या रिपोर्टमधली दोन पानं लिहून देईल.

छपाईचं थोडक्यात

ए४ म्हणजे २१० × २९७ मिमी. कापायला चारही बाजूंनी ३ मिमी जास्त सोडा. ३०० डीपीआयला कापलेल्या पानाचे २४८० × ३५०८ पिक्सेल होतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल आकसते, त्यामुळे पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनवरचा झगमगीत निळा-हिरवा कागदावर फिका पडतो. एक ट्रायल प्रिंट आधी काढा, म्हणजे आदल्या रात्रीची पळापळ वाचेल.

"पण मासिकं आता घेतंय कोण?"

प्रश्न बरोबर आहे. इंग्लंडचं 'टोटल फिल्म' २०२४ मध्ये बंद झालं. पण यूट्यूबचा थंबनेल काय आहे? ओटीटीवरचं सिनेमाचं चौकोनी चित्र काय आहे? एका नजरेत अनोळखी माणसाला थांबवायचं, तेच काम. उद्या मुलाखतीला गेलात की समोरचा "कुठलं सॉफ्टवेअर येतं" एवढंच विचारून थांबणार नाही. "हे असंच का केलं?" हेही विचारेल. टेम्प्लेट निवडणाऱ्याकडे त्याचं उत्तर नसतं. ज्याने वाचक ठरवून ओळी लिहिल्या, त्याच्याकडे असतं. आणि पगार त्या उत्तराचा मिळतो.

तर आज एवढंच करा. एक कोरा ए४ घ्या. वर वाचकाचं एका वाक्यात वर्णन लिहा, खाली पाच ओळी. तो कागद सिनेमाशी संबंध नसलेल्या कुणालाही, अगदी घरातल्या काकूंनाही दाखवा आणि विचारा, "यातलं काय वाचावंसं वाटतं?" त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं, की कॅमेरा काढा. नाही ठेवलं, तर पेन अजून खाली ठेवू नका.