म्हशाच्या बाजारातली निवड



उत्क्रांती शिकवली की मुलांची श्रद्धा उडते, हे गेल्या अंकातल्या पत्रातील मत मला मुळीच पटत नाही. २०१८ साली केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीही औरंगाबादेत डार्विनला चुकीचे ठरवले, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी जाहीर विरोध केला होता. श्रद्धा आणि निवड सोबत कशा नांदतात, हे पाहायला पत्रलेखकांनी पौषात मुरबाडच्या म्हसा यात्रेला यावे. खांबलिंगेश्वरापुढे नारळ फोडून शेतकरी बैलबाजारात शिरतो, दात पाहतो, वशिंड चाचपतो, चांगल्या वळूचीच पैदास धरतो. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाचे पहिले प्रकरण पाळीव प्राण्यांच्या अशाच निवडीवर आहे. शहापूर-मुरबाडच्या मुलांना दहावीत ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे. तो शिक्षकांनी घाईत उरकू नये.

– एक शिक्षिका, मुरबाड