जल्लोषांतील तर्पण

साठी उलटल्यावर माणसानें काय करावें याविषयीं आपल्याकडे विपुल लिहिलें गेलें आहे. त्यानें काय गावें याविषयीं मात्र फारसें कांहीं आमच्या वाचनांत नाहीं. हा विचार मनांत आला तो लंडन शहरांतील हाइड पार्कांत. 2023 च्या जुलै महिन्यांत आमचा मुक्काम तेथें चिरंजीवांकडे होता, आणि ब्रूस स्प्रिंग्स्टीन या अमेरिकन गायकाच्या उघड्या मैदानावरील जलशास ते आम्हांस घेऊन गेले.

‘रॉक अँड रोल’ हा गायनप्रकार गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत उदयास आला. कृष्णवर्णीयांचें ब्लूज व गोऱ्या खेडुतांचें कंट्री संगीत यांच्या संगमांतून निघालेलें हें तरुणांचें गाणें. त्याच्या गायकांसहि वार्धक्य येईल हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानींमनीं नसावें. स्प्रिंग्स्टीन यांचा जन्म 1949 चा, म्हणजे आम्हीं पाहिले तेव्हां ते 73 वर्षांचे होते. न्यू जर्सी संस्थानांतील श्रमजीवी कुटुंबांत ते वाढले. कारखाना, मोटार, बेकारी, घर सोडूं पाहणारीं मुलें हे त्यांच्या गीतांचे विषय.

आवाजाविषयीं स्पष्टच सांगावयाचें तर ढोलताशांच्या पथकाशेजारीं उभें राहण्याची ज्यास संवय असेल त्यानेंच तिकडे जावें. परंतु सुमारें तीन तास हा गृहस्थ खालीं बसला नाहीं! शिक्षकी पेशांत जन्म घालविलेल्या आम्हांस उभ्यानें बोलत राहणें म्हणजे काय, हें ठाऊक आहे.

मध्येंच वाद्यें थांबलीं व ते बोलूं लागले. 1965 सालीं ते ‘कॅस्टाइल्स’ नांवाच्या मुलांच्या वाद्यवृंदांत शिरले. त्यांतील त्यांचा सोबती जॉर्ज थीस 2018 सालीं वारला. त्याच्या मृत्युशय्येपाशीं असतां यांच्या लक्षांत आलें कीं, त्या मंडळींपैकीं मागें उरणार ते आपण एकटेच. त्यावर रचलेलें ‘लास्ट मॅन स्टँडिंग’ हें गीत त्यांनीं गायिलें. पुढें ऐन जल्लोषांत, त्यांच्या ‘ई स्ट्रीट बँड’मधील दिवंगत डॅनी फेडेरीची व क्लॅरेन्स क्लेमन्स यांचीं चित्रें पडद्यावर झळकलीं. क्लेमन्स 2011 त गेले. त्यांचा सॅक्सोफोन आतां त्यांचा पुतण्या जेक वाजवितो.

भाद्रपदांत तिळोदक देतांना आपण एकेक नांव हलक्या आवाजांत घेतों. येथें तेंच चाललें होतें, फक्त नाचतां नाचतां. आमच्या शाळेंतील सात शिक्षकांपैकीं आतां दोघे उरलों आहों. दुसरे नाशकास असतात. उरलेल्या पांचांचीं नांवें त्या गर्दींत आमच्या तोंडून निघून गेलीं. शेजारच्या गोऱ्या मुलीस तीं गाण्याचेच शब्द वाटले असावेत, कारण तिनें मान डोलाविली.

याच मैदानावर 2012 सालीं रात्रीं साडेदहाची मर्यादा उलटली म्हणून स्प्रिंग्स्टीन व पॉल मॅक्कार्टनी यांचा ध्वनि बंद करण्यांत आला होता. श्रोत्यांचे आभार मानण्यासहि अवसर मिळाला नाहीं. भरतवाक्य असें कापलेलें आम्हांस रुचत नाहीं. तथापि शेजाऱ्यांची झोप हीहि वस्तु खरी, आणि घंटेस मान देणारांपैकींच आम्ही आहों. या खेपेस तसें कांहीं घडलें नाहीं. साथीदार निघून गेल्यावर ते एकटेच गिटार घेऊन उभे राहिले, आणि दिवंगतांस स्वप्नांत भेटण्याचें गीत गाऊन त्यांनीं निरोप घेतला.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत जठरव्रणामुळें त्यांस पुढील जलसे लांबणीवर टाकावे लागले. मार्च 2024 पासून ते पुन्हा गाऊं लागले. नाशिककरांस हें वर्तमान आम्हीं पत्रानें कळविलें. फोनवर त्यांस ऐकूं येत नाहीं.